रायफलीचा धक्का कमी कसा जाणवेल: मापापासून सरावापर्यंत

ठाण्यात किंवा नवी मुंबईत रायफल हाती घेणाऱ्यांची सुरुवात बहुधा महाविद्यालयातल्या एनसीसीच्या .२२ रायफलीवर (हा आकडा म्हणजे नळीचा व्यास, इंचात) होते, नाहीतर एखाद्या क्लबातल्या दहा मीटरच्या एअर रायफलीवर. या दोन्ही रायफली खांद्याला फारसा त्रास देत नाहीत. त्यामुळे बट, म्हणजे दस्त्याचे खांद्याला लागणारे मागचे टोक, कसाही टेकवला आणि मान कशीही वाकवली तरी नेम बऱ्यापैकी लागतो, आणि चुकीच्या सवयी अंगात मुरतात. पुढे कधी घरातल्या परवान्यावरची .३१५ ची स्पोर्टिंग रायफल किंवा .३०-०६ हाती आली, की त्याच सवयी पहिल्या दोन-चार काडतुसांतच खांद्याला जाणवतात. तिथून धक्क्याची जी भीती बसते ती काढायला बसलेल्या मारापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो.

धक्का सोसायची ताकद कमवावी, असा सल्ला अनेकदा दिला जातो. मला तो पटत नाही. रायफल अंगाला बसणारी असेल, बट योग्य जागी असेल आणि शरीर तिच्या रेषेत असेल, तर सडपातळ बांध्याची मुलगीही मोठ्या बोअरची, म्हणजे मोठ्या व्यासाच्या नळीची, रायफल व्यवस्थित चालवू शकते. या तीन गोष्टी नसतील, तर पहिलवानाचाही खांदा काळानिळा होतो. हे सगळे चाप दाबण्यापूर्वीच जुळवून ठेवावे लागते, आणि त्याचे कारण पुढच्या आकड्यांत आहे.

धक्का किती असतो आणि किती वेळात येतो

गोळी आणि तिच्यामागचा वायू जेवढ्या संवेगाने पुढे जातात, तेवढ्याच संवेगाने रायफल मागे येते. .३०-०६ च्या १५० ग्रेनच्या, म्हणजे सुमारे ९.७ ग्रॅमच्या गोळीचा वेग सेकंदाला ८९० मीटरच्या आसपास असतो आणि काडतुसात साडेतीन ग्रॅमच्या जवळपास दारू असते. साडेतीन किलोच्या रायफलीतून असे काडतूस उडवले, तर रायफल ढोबळमानाने सेकंदाला ३.६ मीटर वेगाने मागे येते आणि तिच्यात २३ ज्यूलच्या आसपास ऊर्जा असते. तीच रायफल साडेचार किलोची असेल, तर वेग २.८ मीटरवर आणि ऊर्जा १८ ज्यूलवर येते. याउलट पाच किलोच्या .२२ रायफलीत ही ऊर्जा ज्यूलच्या एक दशांशाइतकी असते. एनसीसीत शंभर गोळ्या झाडलेल्या विद्यार्थ्याला मोठ्या बोअरचा अंदाज का येत नाही, हे यावरून कळते.

वेळेचा हिशेब याहून महत्त्वाचा आहे. दारू पेटल्यावर गोळी नळीबाहेर पडायला सुमारे दीड मिलिसेकंद लागतो आणि तेवढ्या वेळात रायफल जेमतेम दोन मिलिमीटर मागे आलेली असते. माणसाला कोणत्याही गोष्टीवर प्रतिक्रिया द्यायला याच्या शंभरपट वेळ लागतो. म्हणून "धक्का आला की आवरतो" हा विचारच चुकीचा आहे. ज्याला आपण आवरणे समजतो, ते प्रत्यक्षात धक्क्याच्या आधी अंग आखडून घेणे असते, आणि त्याने गोळी भलतीकडे जाते.

आणखी एक साधा हिशेब ध्यानात ठेवण्यासारखा आहे. रायफलीची २३ ज्यूल ऊर्जा दोन सेंटिमीटरच्या अंतरात थांबवली, तर खांद्यावर सरासरी १,१५० न्यूटन बल येते; तीच चार सेंटिमीटरमध्ये थांबवली तर निम्मे. बटावरचे रबरी पॅड, पवित्रा आणि खांद्याची मोकळीक हे सारे उपाय मुळात हे थांबण्याचे अंतर वाढवण्यासाठी आणि येणारे बल जास्त जागेवर पसरवण्यासाठी असतात.

पहिले काम: रायफल अंगाला बसते का ते पाहणे

प्रथम रायफल रिकामी असल्याची डोळ्यांनी आणि बोटाने खात्री करावी, काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवावीत आणि मगच मापे घ्यावीत. चापापासून बटाच्या मागच्या कडेपर्यंतची लांबी हे पहिले माप. बाजारातल्या बहुतेक रायफलींवर ती साडेतेरा इंचांच्या, म्हणजे ३४ सेंटिमीटरच्या आसपास असते. कोपर काटकोनात वाकवून बट कोपराच्या आतल्या खळगीत टेकवला आणि तर्जनीचे पहिले पेर सहज चापावर आले, तर लांबी साधारण बरोबर आहे असे समजावे. ही चाचणी ढोबळ आहे. खरी कसोटी नेम धरल्यावर लागते. लांबी जास्त असेल तर बट खांद्याच्या खळगीतून निसटून दंडाकडे सरकतो आणि डोके पुढे ताणावे लागते. कमी असेल तर चापावरच्या हाताचा अंगठा नाकाजवळ येतो आणि धक्क्यासरशी तोच अंगठा नाकावर आपटतो.

आपल्याकडच्या अनेक स्पोर्टिंग रायफलींच्या बटाला धातूची किंवा कडक प्लॅस्टिकची पट्टी असते. पैसा एकाच ठिकाणी खर्च करायचा असेल, तर तो इथे करावा: ती पट्टी काढून दोन-अडीच सेंटिमीटर जाडीचे मऊ रबरी पॅड बसवून घ्यावे. पॅडमुळे लांबी वाढते, त्यामुळे उंची कमी असलेल्यांना दस्ता तेवढाच कापून घ्यावा लागेल. हे काम परवानाधारक बंदूक-दुरुस्ती करणाऱ्याकडूनच करून घ्यावे, कारण शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार शस्त्रांच्या दुरुस्तीच्या व्यवसायालाही परवाना लागतो. दस्ता कायमचा कापायचा नसेल, तर बटावर मोज्यासारखे चढवायचे पॅड मिळते. ते तितके चांगले नाही, पण लोखंडी पट्टीपेक्षा पुष्कळ बरे.

गाल टेकण्याची जागा हे दुसरे माप. डोळे मिटून रायफल खांद्याला लावावी, मान सैल सोडून गाल दस्त्यावर टेकवावा आणि मग डोळे उघडावेत. दुर्बिणीतले चित्र पूर्ण गोल दिसले तर उंची बरोबर आहे. चित्रासाठी डोके वर उचलावे लागत असेल, तर दस्त्याची वरची कड आपल्यासाठी बुटकी आहे. उघड्या नेमासाठी बनवलेल्या दस्त्यावर दुर्बीण चढवली की हा दोष हमखास येतो, आणि मग गाल अधांतरी राहून धक्क्यासरशी गालफडावर फटका बसतो. फोमची पट्टी आणि वर घट्ट गुंडाळलेले कापड एवढ्यानेही उंची साधते.

दुर्बिणीच्या बाबतीत हयगय करू नये. मोठ्या बोअरवर डोळा आणि दुर्बिणीची मागची कड यांत किमान आठ-नऊ सेंटिमीटर अंतर राहायला हवे. ते उभे राहून तपासून भागत नाही, कारण पालथे झोपल्यावर डोके आपोआप पुढे सरकते. भुवईवर अर्धचंद्राकार जखम झालेले नेमबाज बहुधा याच फरकाचे बळी असतात.

बट, खांदा, गाल आणि हात

सर्वात जास्त फरक इथेच पडतो आणि त्याला पैसे लागत नाहीत. उजव्या हाताने नेम धरणाऱ्याने उजवे कोपर बाजूला, खांद्याच्या थोडे खालपर्यंत उचलावे. असे केल्यावर गळ्याखालचे आडवे हाड आणि खांद्याचा सांधा यांच्या मधोमध स्नायूंची एक खळगी तयार होते. डाव्या हाताच्या बोटांनी चाचपून ती शोधावी. बटाची जागा तिथे आहे. बट हाडावर आला तर दुखते, आणि सांध्याच्या बाहेर दंडावर गेला तर त्याहून जास्त दुखते, कारण तिथे तो थोड्याशाच पृष्ठभागावर टेकतो.

उभे राहून नेम धरताना बटाचे फक्त खालचे टोक खांद्याला लागते आणि वरचा अर्धा भाग हवेत राहतो, ही फार सर्रास दिसणारी चूक आहे. डोके खाली वाकवून रायफलीपर्यंत नेण्याच्या सवयीतून ती येते. डोके सरळ ठेवावे, रायफल वर उचलून गालाशी आणावी आणि मग खांदा पुढे करून बटाला भेटवावा. या क्रमाने केल्यास पॅडचा बहुतेक सगळा भाग टेकतो आणि बल सगळीकडे वाटले जाते.

बट आणि खांदा यांत पोकळी राहू देऊ नये. धक्क्याला घाबरलेला माणूस रायफल नकळत थोडी दूर धरतो. मग मोकळी रायफल आपल्या पूर्ण वेगाने येऊन खांद्यावर आदळते. तीच आधीपासून घट्ट टेकलेली असेल, तर शरीराचे वजन पहिल्या क्षणापासून तिच्याबरोबर हलते. चापाच्या हाताची मधले बोट, अनामिका आणि करंगळी ही तीन बोटे रायफल सरळ मागे खांद्यात ओढून ठेवतात. दुसरा हात तिला आधार देतो आणि मोठ्या बोअरवर थोडा मागेही खेचतो. हात थरथरू लागले, तर पकड गरजेपेक्षा जास्त आहे असे समजावे. मधले बोट चापाच्या कडीला अगदी चिकटवू नये, नाहीतर प्रत्येक फैरीला त्या पेरावर टोला बसतो.

गाल दस्त्यावर दाबून ठेवावा आणि गोळी सुटल्यावरही तिथेच राहू द्यावा. दात एकमेकांवर टेकलेले असावेत, पण आवळलेले नसावेत, आणि जीभ दातांमध्ये नसावी.

इथेच एक बारीकशी पण महत्त्वाची सूचना. बट आणि अंग यांच्यामध्ये काहीही असता कामा नये. शर्टाच्या खिशातले पेन, पिशवीचा पट्टा, गळ्यातली जाड साखळी, मंगळसूत्र, कपड्यांच्या पट्ट्यांची बकले या सगळ्या गोष्टी नेमक्या त्याच जागी येतात आणि सगळे बल एका बिंदूवर आणतात. ठाण्याच्या उकाड्यात पातळ टी-शर्ट घालून रेंजवर जाण्याची आपली सवय आहे. त्याखाली किंवा त्यावर खांद्याला अस्तर असलेले जाकीट घालावे. घामाने गाल आणि हात घसरतात, म्हणून कोरडा रुमाल जवळ ठेवावा आणि दर काही फैरींनी दस्ता पुसावा.

पवित्रा

उभे असताना शरीर मागे मोडून, कंबर पुढे काढून उभे राहण्याची पद्धत .२२ च्या आणि एअर रायफलीच्या स्पर्धांमध्ये योग्य आहे, कारण तिथे धक्का नगण्य असतो आणि स्थिरता हवी असते. स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ज्या ५० मीटर थ्री पोझिशन (गुडघ्यावर, पालथे आणि उभ्याने) प्रकारात कांस्यपदक मिळवले, त्यात नियमानुसार रायफल आठ किलोपर्यंत चालते आणि काडतूस .२२ चे असते. छायाचित्रांत दिसणारा तो पवित्रा साडेतीन किलोच्या .३०-०६ वर उचलू नये. तोल आधीच मागे असल्याने माणूस मागे ढकलला जातो. मोठ्या बोअरसाठी डावा पाय पुढे, डावा गुडघा किंचित वाकलेला, वजन पुढच्या पायाच्या चवड्याकडे आणि छाती लक्ष्याकडे थोडी जास्त वळलेली असावी. मग धक्का खांद्यावरून कमरेत आणि पायांत उतरतो.

पालथे झोपून नेम धरणे स्थिरतेला उत्तम, पण धक्क्याला सर्वात कठीण, कारण मागे हलायला जागाच नसते. इथे शरीराची रेषा महत्त्वाची ठरते. नळीची रेषा मागे वाढवली तर ती खांद्यातून कमरेकडे जायला हवी. शरीर फार तिरके असेल, तर बट खांद्याला एका बाजूने ढकलतो, नेम दरवेळी एकाच दिशेला उडतो आणि रायफल उसळते. गोळी झाडल्यावर दुर्बिणीत लक्ष्य पुन्हा जवळपास तिथेच दिसले तर रेषा बरोबर आहे. नेम नेहमी उजवीकडे जात असेल, तर पाय आणि कंबर थोडी सरकवून पुन्हा पाहावे. नेमाची जागा हाताने ओढून आणू नये, संपूर्ण शरीर फिरवावे.

टेबलावर बसून वाळूच्या पिशव्यांवर रायफल टेकवण्यात धोका वेगळा आहे. बसलेला माणूस टेबलावर ओणवा होतो, त्याचे धड जखडले जाते आणि सगळे खांद्यालाच सोसावे लागते. टेबल उंच किंवा खुर्ची बुटकी करून पाठ शक्य तितकी ताठ ठेवावी, म्हणजे कमरेपासून वरचे शरीर मागे झुलू शकते. बट आणि खांदा यांच्यामध्ये जड पिशवी ठेवण्याची युक्ती काही जण सांगतात. तिने खांदा वाचतो, पण मागे जाऊ न शकणारी रायफल ती ऊर्जा आपल्या दस्त्यातच घेते, आणि जुन्या लाकडी दस्त्याला मुठीपाशी तडा जाऊ शकतो. मी ती सुचवणार नाही.

वजन, काडतूस आणि मझल ब्रेक

वजनाचा परिणाम वरच्या आकड्यांत दिसलाच आहे. दस्त्याच्या मागच्या पोकळीत शिशाची भर घालून अर्धा किलो वाढवता येतो. मात्र तोल हातात धरून पाहावा, कारण मागचे वजन फार वाढले की नळी हलकी वाटते आणि डगमगते. हलक्या वजनाची गोळी घेतल्यानेही थोडा फरक पडतो: .३०-०६ मध्ये १८० ऐवजी १५० ग्रेन घेतली तर धक्का कमी होतो, पण भीती घालवण्याइतका नाही.

मझल ब्रेक नळीच्या तोंडाशी वायू बाजूला वळवतो आणि धक्का खरोखरच मोठ्या प्रमाणात, तिसऱ्या हिश्श्यापासून जवळजवळ निम्म्यापर्यंत, कमी करतो. त्याची किंमत आवाजाच्या रूपाने मोजावी लागते, आणि ती स्वतःबरोबर शेजारच्या नेमबाजालाही. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार रायफल स्पर्धांमध्ये ब्रेक चालत नाही. शिकणाऱ्याने त्याच्या मागे लागू नये, असे माझे मत आहे.

स्प्रिंगची एअर रायफल: इथे पकड उलटी

घरी स्प्रिंगची एअर रायफल असलेल्यांनी वरचे "घट्ट ओढून धरा" तिथे लावू नये. स्प्रिंगच्या रायफलीत छर्रा नळीतच असताना जड पिस्टन पुढे धावतो, त्यामुळे रायफल आधी मागे येते आणि पिस्टन थांबला की झटक्याने पुढे जाते. हा दुहेरी हिसका दरवेळी सारखा व्हायला हवा, म्हणून पुढचा हात उघड्या तळव्यासारखा खाली ठेवावा, बट खांद्याला हलकेच टेकवावा आणि रायफलीला स्वतःच्या मर्जीने हलू द्यावे. आवळून धरली की छर्रे विखुरतात. साधी दुर्बीण या उलटसुलट हिसक्यांनी बिघडते. एअर रायफलीसाठी बनवलेलीच घ्यावी. छर्रा न भरता अशी रायफल कधीही झाडू नये, कारण समोर हवेची उशी न राहिल्याने पिस्टन थेट आदळतो.

कान आणि मन

जाणवणाऱ्या धक्क्याचा मोठा हिस्सा प्रत्यक्षात आवाजाचा असतो. मोठ्या बोअरच्या रायफलीचा आवाज १५० डेसिबलच्या वर जातो, आणि छपराखालच्या रेंजवर तो भिंतींवरून परत येतो. कानात फोमचे बोळे आणि वर कर्णपट्टे, असे दोन्ही लावून त्याच रायफलीतून पुन्हा गोळी झाडून पाहावी. धक्का कमी झाल्यासारखा वाटतो, आणि हा भास उपयोगी आहे. श्रवणशक्ती एकदा गेली की परत येत नाही, त्यामुळे याबाबत कोणतीही सवलत घेऊ नये.

दचकणे ओळखण्याची खात्रीची पद्धत डमी, म्हणजे दारू नसलेल्या, काडतुसांची आहे. सोबत्याने आपल्याला न दाखवता रायफलीत कधी खरे, कधी डमी काडतूस भरावे. डमीवर चाप दाबला जातो तेव्हा आवाज होत नाही, पण नळी खाली झुकताना किंवा खांदा पुढे येताना स्पष्ट दिसतो. ज्याला आपण दचकत नाही अशी खात्री असते, त्यालाच हे पाहणे सर्वात जास्त गरजेचे असते. उपाय एकच: नेम हलला नाही अशा पाच सलग डमी फैरी होईपर्यंत खऱ्या काडतुसांचे प्रमाण कमी ठेवावे, आणि चाप इतक्या हळूहळू दाबावा की गोळी सुटण्याचा नेमका क्षण आपल्यालाही आधी कळू नये.

घरचा कोरडा, म्हणजे खऱ्या काडतुसाशिवायचा, सराव त्याला पूरक आहे. मोठ्या बोअरच्या बहुतेक आधुनिक रायफली रिकाम्या झाडल्या तरी चालतात; .२२ मध्ये मात्र डमी किंवा उडवलेले रिकामे काडतूस ठेवावे, कारण काडतूस पेटवणारी पिन नळीच्या कडेवर आपटते. आपल्या सोसायट्यांत समोरच्या इमारतीची खिडकी पंधरा-वीस मीटरवर असते, तेव्हा हा सराव खिडक्यांचे पडदे ओढून आतल्या पक्क्या भिंतीकडे तोंड करूनच करावा. रायफल रिकामी असली तरी समोरच्याला ते कळण्याचा मार्ग नसतो.

रेंजवरचा क्रम

आपल्या भागातून वरळीच्या महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या रेंजवर जाता येते, आणि एअर रायफलीसाठी पनवेलला नेमबाज सुमा शिरूर यांचा लक्ष्य शूटिंग क्लब आहे. कुठेही गेलात तरी सुरुवात .२२ ने करावी. दहा-वीस फैरींत श्वास, गाल आणि चाप जागेवर आले की मोठी रायफल घ्यावी, आणि ती आधी उभ्याने चालवावी. पालथे होणे शेवटी. एका बैठकीत मोठ्या बोअरच्या पंधरा-वीस फैरी पुरेत, आणि त्याही पाच-पाचच्या गटात, मध्ये खांदा सैल सोडून. शेवटच्या पाच फैरी पुन्हा .२२ च्या घ्याव्यात, म्हणजे हात घरी जाताना शांत सवय घेऊन जातो.

लक्ष्यावरच्या गोळ्यांचा गट अचानक पसरू लागला, डोळे मिटू लागले किंवा बट लावताना खांदा नकळत मागे जाऊ लागला, तर पेटीत काडतुसे शिल्लक असली तरी थांबावे. नुसते दुखत असेल तर बर्फ आणि दोन-चार दिवसांची विश्रांती पुरते. बोटांत मुंग्या येत असतील, हात वर उचलताना कळ येत असेल किंवा दृष्टीत ठिपके दिसत असतील, तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय पुन्हा रायफल खांद्याला लावू नये.

पावसाळ्यानंतर पहिल्यांदा रेंजवर जाण्यापूर्वी रायफल पुन्हा तपासावी. इथल्या दमट हवेत लाकडी दस्ता फुगतो, त्याचे स्क्रू सैल किंवा जास्त ताठ होतात, आणि जुने रबरी पॅड चिकट होऊन चुरा पडू लागते. बोटाने दाबल्यावर पॅड परत वर आले नाही, तर ते बदलून मगच मोठी काडतुसे बरोबर घ्यावीत.